ट्रॉलीवरची लायनिंग ते बुलेटची टाकी : ब्रशने रेघ ओढायला शिकले त्याचा हिशेब

आमचं वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीजवळ रोडला लागून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं वर्कशॉप आहे. नवरा आणि दीर वेल्डिंग पाहतात, मी हिशेब आणि रंग पाहते. रंग म्हणजे रेड ऑक्साइडचा एक हात, त्यावर कॉम्प्रेसरने लाल नाहीतर निळा, आणि शेवटी रेडियमवाला येऊन पट्ट्या आणि मालकाचं नाव चिकटवून जायचा. दोन उन्हाळे गेले की त्या पट्ट्यांचे कोपरे उचलतात, त्यात माती बसते, आणि शेतकरी आम्हालाच येऊन विचारतो की ताई हे काय झालं. उलट जुन्या ट्रॉल्या, जुने मेटॅडोर पाहा, पेंटरने ब्रशने ओढलेल्या रेघा पत्रा सडेपर्यंत जागेवर असतात. तर हे आपणच शिकायचं असं 2024 च्या दिवाळीत ठरवलं. नेटवर याला पिनस्ट्रायपिंग म्हणतात, आमच्याकडचे पेंटर नुसतं लायनिंग म्हणतात. मला तेव्हा मराठीत याच्यावर कुठंच काही सापडलं नाही, म्हणून वर्षभरात काय काय झालं, किती पैसे गेले, कुठं अडलं ते लिहून ठेवते.

पहिले आयटीआयमध्ये विचारलं. ‘पेंटर जनरल’ नावाचा ट्रेड असतो, पण दोन वर्षांचा, आणि आमच्या जवळच्या आयटीआयमध्ये तो नाहीच. दोन लेकरं आणि वर्कशॉप सोडून वर्ध्या-नागपूरला दोन वर्षं कोण जाईल. मग रात्री जेवणं झाली की मोबाईलवर व्हिडिओ पाहायचे. त्यात कळलं की ही कला मुळात घोडागाड्यांवरची, चाकाच्या आऱ्यांवर आणि बग्गीच्या फळ्यांवर बारीक रेघ ओढायची, आणि मग 1950 च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या व्हॉन डच नावाच्या माणसाने मोटारींवर त्याच्या वेलबुट्ट्या केल्या आणि ते एकदम फॅशनमध्ये आलं. त्यासाठी ब्रशही वेगळा लागतो, तलवारीच्या पात्यासारखा तिरपा, केस दोन-दोन इंच लांब. मिशिगनची मॅक नावाची कंपनी तो 1891 पासून बनवते. आणि आपल्याकडेही चेन्नईला रॉयल एनफिल्डच्या टाक्यांवरच्या सोनेरी रेघा हातानेच ओढतात, तो व्हिडिओ तर मी इतक्यांदा पाहिला की पोरगा म्हणे आई आता तो काका झोपेत पण दिसेल. पण पाहून येत नाही. त्या लोकांचा रंग वेगळा, ब्रश वेगळा, आणि तिथं काय 45 डिग्री ऊन नसतं.

आमच्या शेजारच्या गावात एक पेंटरकाका आहेत, सत्तरीच्या आसपासचे. हायवेवरच्या तळेगावच्या ढाब्यांवर थांबणारे ट्रक रंगवण्यात त्यांची उमर गेली. त्यांना फोन केला तर म्हणाले इलेक्शन होऊ दे. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली होती आणि भिंतीवरच्या योजनांच्या जाहिराती, कोनशिला, नेत्यांची नावं झाकायचं काम त्यांना मिळालं होतं. म्हणजे जे आधी पैसे घेऊन लिहिलं ते आता पैसे घेऊन पुसत होते. 20 नोव्हेंबरला मतदान झालं, निकाल लागला, त्यानंतर त्यांनी बोलावलं.

फी विचारली तर पैसे नाही म्हणाले. मटेरियल तुझं तू आणायचं आणि माझ्या शाळेच्या भिंतीच्या कामावर हेल्परी करायची, अस्तर मारायचं, घासायचं, डबे धुवायचे. मला परवडलं. ज्यांना असं कोणी शोधायचंय त्यांना एकच सांगते, तालुक्याच्या गावी फ्लेक्सच्या दुकानात जुन्या पेंटरचा पत्ता मिळतो, कारण त्या सगळ्यांना शेवटी फ्लेक्सवाल्याकडेच जावं लागलंय.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं काका माझा हात थरथरतो, तर ते म्हणाले, “हाताचं काही नाई बाई. रेघ रंगानं येते. पहिले रंग कालवायले शिक.” तेव्हा मला वाटलं टाळून राहिले. पण आता वर्षानंतर मी पण दुसऱ्या कोणाला हेच सांगीन. हात थरथरणं हा शंभरातला दहा टक्के प्रॉब्लेम आहे, बाकी सगळा रंग आणि पत्रा.

आता रंगाचं जरा सविस्तर सांगते कारण व्हिडिओत ते लोक त्यांचा लेटरिंगचा खास इनॅमल वापरतात आणि आपल्याला तो मिळत नाही. आपल्याला साधा सिंथेटिक इनॅमलच घ्यायचा, हार्डवेअरमध्ये मिळतो तो, सगळ्यात लहान डबी घ्यायची. मोठा डबा स्वस्त पडतो पण दोन-चार वेळा उघडला की त्यावर साय धरते आणि त्या सायीचा एक कण जरी ब्रशमध्ये गेला तरी रेघ तिथं फाटते. म्हणून रंग जुन्या नायलॉनच्या साडीच्या तुकड्यातून गाळून घ्यायचा, प्रत्येक वेळी. पातळ करायला टर्पेंटाइन, थिनर नाही. एनसी थिनर टाकला की इनॅमल फाटतो, आणि खालचा रंग ड्युकोचा, म्हणजे गाड्यांवर स्प्रेने मारतात तो, असेल तर तोही उचलतो.

किती पातळ हे मापाने सांगता येत नाही, ते पत्रिकेवर कळतं. पत्रिका म्हणजे खरंच लग्नपत्रिका. काकांकडे चकचकीत लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो, गावभरच्या लग्नांतल्या जमवून ठेवलेल्या. साधा कागद किंवा पेपर घेतला तर तो रंगातलं तेल पिऊन घेतो आणि रंग घट्ट होतो, पत्रिकेचा गुळगुळीत कागद पीत नाही. एका हातात पत्रिका धरायची, ब्रश रंगात बुडवून त्यावर आडवा ठेवायचा आणि पुढे-मागे, पुढे-मागे ओढायचा, आधी एक बाजू मग पलटवून दुसरी. हळूहळू रंग केसांच्या पोटात जातो, ब्रश चपटा होतो आणि त्याला सुरीसारखी धार येते. मग एक थेंब टर्पेंटाइन, परत पुढे-मागे. आधी ब्रश कागदाला चिकटून ओढ देतो, मग एक क्षण असा येतो की ओढ जाते पण ब्रश घसरत मात्र नाही. तोच रंग तयार. त्याच्या अलीकडे रेघ वीतभर जाऊन तुटते, त्याच्या पलीकडे दोन्ही काठ पसरतात. मी डिसेंबरचा बराचसा महिना निव्वळ हेच केलं, गाडीला ब्रश लावूच दिला नाही त्यांनी, आणि खरं सांगायचं तर चिडचिड झाली खूप. घरी सासूबाई विचारायच्या आज काय काढलं, मी म्हणायची पत्रिका रंगवली.

ब्रश आणायला जानेवारीत नागपूरला गेले. आर्वीहून तळेगावला गाडी बदलायची, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून येणं-जाणं परवडलं. इतवारीत रंगाच्या दुकानांत फिरले, तलवारीसारखा ब्रश कुठंच नाही. एका दुकानदाराने हळूच मुंगसाच्या केसांचे ब्रश दाखवले, म्हणे याच्यासारखी रेघ कशाचीच येत नाही. ते घेऊ नका. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे, तो ब्रश विकणं आणि जवळ ठेवणं दोन्ही गुन्हा आहे, दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूसाठी वनखात्याचा ससेमिरा कशाला. मी तिथून लांब केसांचे दोन साधे लायनर आणि एक मऊ चपटा ब्रश घेतला, आणि काकांनी त्या चपट्या ब्रशचे केस नव्या ब्लेडने तिरपे कापून मला तलवार बनवून दिली. सव्वाशे रुपयांत. मूठ पण अर्धी कापली, कारण लांब मूठ हाताच्या मागे टाकीला नाहीतर आपल्याच अंगाला अडते. पुढे उन्हाळ्यात मी ऑनलाइन बाहेरचा खरा ब्रश मागवला, दोन हजाराच्या आत पडला, यायला तीन आठवडे लागले कारण कुरिअरवाला आमच्या पिनकोडला येतच नाही, तो आर्वीतून फोन करतो की घेऊन जा. फरक आहे का तर आहे, त्यात रंग जास्त मावतो आणि रेघ लांब जाते. पण पहिल्याच दिवशी तो घ्यायची गरज नाही, केस खराब करून बसाल.

सराव कशावर करायचा? आधी काच. जुन्या खिडकीची काच मागून काळी रंगवली, तिच्यावर रेघा ओढायच्या आणि फडक्याने पुसायच्या, खर्च शून्य. काचेवर हात बसला की मग वाकलेला पत्रा पाहिजे, त्यासाठी भंगारवाल्याकडून मोटरसायकलच्या पिचकलेल्या टाक्या किलोने आणल्या. सपाट काचेवर आणि टाकीच्या फुगीर पोटावर ब्रश अगदी वेगळा वागतो. उतारावर ब्रश आपोआप जास्त टेकतो, रेघ जाड होते, तिथं दाब कमी करायचा हे कोणी सांगून कळत नाही.

हात कसा धरायचा ते व्हिडिओत बरोबर दाखवतात. अंगठा आणि पहिल्या बोटात ब्रश, करंगळी पत्र्यावर टेकलेली, तीच आपली गाडी. मनगट हलवायचं नाही, खांद्यापासून हात यायला पाहिजे, आणि लांब रेघ असेल तर अख्खं अंग सरकवायचं. नजर ब्रशच्या टोकावर ठेवली की रेघ नागमोडी होते, जिथं जायचंय तिथं चार बोटं पुढे पाहायचं. आणि श्वास रोखायचा नाही. मी रोखायची, काकांनी दोन-तीनदा मागून टोकलं, “अवं श्वास घे, नाई तं पडशीन.”

फेब्रुवारी-मार्चमध्ये काकांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. एचएसआरपीचा, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचा धिंगाणा सुरू झाला होता, 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवीन प्लेट सक्तीची. दुचाकीला आणि ट्रॅक्टरला 450 रुपये अधिक जीएसटी, मुदत पुढे पुढे ढकलत होते, पण लोकांनी हाताने रंगवलेल्या नंबरप्लेटा करून घेणं त्याच महिन्यात बंद केलं. काकांचं तेवढंच रोजचं काम उरलं होतं. आधी फ्लेक्स, मग 2015 मध्ये आपल्या राज्यात ट्रकमागे हॉर्न ओके प्लीज लिहायला बंदी, आता नंबरप्लेट. तेव्हा मी त्यांना म्हटलं की ट्रॉलीचं लायनिंग आपण दोघं करू, वर्कशॉपला दर महिन्याला ट्रॉल्या निघतातच, रेडियमवाल्याला जे देतो ते तुम्हाला. ते तयार झाले, आणि माझा सराव काचेवरून खऱ्या फाळक्यावर, म्हणजे ट्रॉलीच्या बाजूच्या पत्र्यावर आला.

ट्रॉलीवर काम करताना दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे नवीन इनॅमलवर लगेच रेघ ओढायची नाही. वरवर वाळलेला दिसतो, बोट लावलं तर चिकटत नाही, पण रेघ चुकली म्हणून टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायला गेलं की खालचा लाल रंगही फडक्यावर येतो. आठवडाभर थांबायचं. गिऱ्हाईक थांबत नाही, ते वेगळं. दुसरी म्हणजे दहा फुटाचा फाळका अंदाजाने होत नाही, गवंडी लोक मारतात तसा चुन्याचा दोरा मारून घ्यायचा आणि रेघ दोऱ्याच्या खुणेला चिकटून नाही तर एक केस सोडून ओढायची, म्हणजे वाळल्यावर चुना पुसला की रेघ स्वच्छ निघते. मागच्या बाजूला पासिंगची रिफ्लेक्टर टेप असते, तिच्यावर ब्रश जाऊ द्यायचा नाही, नाहीतर आरटीओत ट्रॉली परत पाठवतात.

पिवळा रंग लालवर एका हातात झाकत नाही. त्यात थोडा पांढरा मिसळा. ही एवढी साधी गोष्ट मला कुठल्याच व्हिडिओत सापडली नाही.

एप्रिल आला आणि सगळं गणित बदललं. सकाळी नऊनंतर पत्र्याला हात लावता येत नाही, पत्रिकेवर कालवलेला रंग रेघेच्या अर्ध्यात घट्ट होतो. अमेरिकन लोक यासाठी रंगात डबीतलं काहीतरी टाकतात. काका जवस टाकतात, म्हणजे जवसाचं तेल. आपल्याकडे चटणी करतो तेच जवस, त्याचं तेल हवेत हळू वाळतं, जगभर ऑइल पेंट त्याच्यातच घोटतात. घाण्यावरून पावशेर आणलं आणि डबीभर रंगाला काडीने दोन-तीन थेंब. जास्त टाकलं तर रेघ दोन दिवस ओली राहते आणि आमच्याकडची सगळी धूळ तिच्यावर येऊन बसते. मे महिन्यात आम्ही पहाटे साडेपाचला सुरू करायचो आणि आठ-साडेआठला आवरायचो. रोडवरून जाणारे थांबून पाहायचे. बाई ट्रॉलीखाली पाटावर बसून रेघ ओढतेय म्हटल्यावर फोटो काढायचे, एकाने तर विचारलं की नवरा कुठं गेला. नवरा मागे वेल्डिंग करत होता. सुरुवातीला लाज वाटायची, कोणी मागे उभं राहिलं की हात आखडायचा. मग एकदा काका त्या माणसाला म्हणाले, “पाहाचं असन तं चहा पाज,” आणि तो खरंच चहा घेऊन आला. तेव्हापासून माणसं मागे असली तरी चालतं.

आपल्याकडे प्रत्येक ऋतू रंगाचा वैरी आहे. ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचं भूस, हिवाळ्यात कापसाच्या गाड्या रोडने जातात त्याची रुई उडते आणि ओल्या रेघेवर जाऊन बसते, पावसाळ्यात रंग वाळत नाही आणि बल्बखाली चिलटं. वर्कशॉपच्या मागच्या खोलीला जुन्या साड्यांचे पडदे लावले, खाली पाणी शिंपडलं की धूळ बसते. पावसाळ्यात संध्याकाळी काम बंद, दुपारीच करायचं.

पावसाळ्यात कामं कमी असतात म्हणून तेव्हा वळणं शिकले. सरळ रेघ दाबाने येते, वळण बोटांनी येतं. वळताना ब्रशची मूठ अंगठा आणि बोटाच्या मध्ये गरगर फिरवावी लागते, म्हणजे केसांची धार सतत जायच्या दिशेला राहते. मला हे सगळ्यात जड गेलं. इंग्रजी सी आणि एस अक्षरं, एकाला आरसा दाखवल्यासारखी दुसऱ्या बाजूला, अशी पानंच्या पानं काढली. दोन्ही बाजू सारख्या यायला काका खाका वापरतात, ट्रेसिंग पेपरवर अर्धं चित्र, रेघेवर सुईने भोकं, आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटायची. कागद पालटला की दुसरी बाजू तयार. अमेरिकेतले लोकही हेच करतात असं नंतर पाहिलं.

पहिले पैसे मिळाले ते गाडीचे नाही, तान्ह्या पोळ्याचे. 2025 चा पोळा 22 ऑगस्टला होता. आमच्या वर्धा जिल्ह्यात दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदी घेऊन निघतात, त्यांच्या गाड्याला आणि झुलीला बारीक लायनिंग करून दिली, आधी पोराच्या नंदीची, मग गल्लीतल्यांच्या. नगाला शंभर-दीडशे. लाकडावर आधी अस्तर आणि पाणपेपर पाहिजे, नाहीतर रंग रेषेरेषेने फुटतो. वळणांचा याच्याइतका चांगला सराव दुसरा नाही, कारण चुकलं तरी लेकरू खूशच असतं.

आता कागदपत्रांचं. सप्टेंबरमध्ये एका ग्रामपंचायतीने घंटागाडीवर नाव आणि पट्टे करायला विचारलं, पण म्हणाले पक्कं बिल पाहिजे, कोटेशन पाहिजे, आणि पैसे खात्यातच येतील. मला कोणीतरी सांगितलं पीएम विश्वकर्मात नाव टाक, टूलकिटचे 15,000 मिळतात. सेतू केंद्रात गेले. त्या योजनेत 18 व्यवसाय आहेत, सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, गवंडी, न्हावी, परीट वगैरे. पेंटर नाही. केंद्रावरचा पोरगा म्हणाला मूर्तिकार टाकून देऊ का. नको म्हटलं, पडताळणी ग्रामपंचायतीतच होते आणि मी मूर्तिकार नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे. मग उद्यम नोंदणी केली, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी. ती पूर्ण फुकट आहे, आधार, पॅन आणि मोबाईल आधारला जोडलेला असला की घरी बसून होते, सर्टिफिकेट लगेच पीडीएफमध्ये येतं. एका केंद्रावाल्याने मला त्याचेच 500 सांगितले होते. पेंटिंगचा वेगळा व्यवसाय शोधत बसू नका, मोटार गाड्यांची दुरुस्ती-देखभाल यात गाड्यांचं रंगकाम येतं, तेच निवडायचं. त्या कागदावर बँकेत दुकानाच्या नावाने खातं उघडलं. घंटागाडी करून दिली, बिल दिलं, पैसे हे लिहीपर्यंत आलेले नाहीत.

गिऱ्हाईक अजून एक विचारतात की रेघा मारल्या तर आरसीवर काही करावं लागतं का. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, अख्खा रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. लाल टाकीवर चार रेघा ओढल्या तर टाकी लालच राहते. एवढं सांगितलं की लोकांना पटतं.

दसऱ्याच्या आधी बुलेट आली. काळी, जुनी, टाकी परत रंगवून आणलेली आणि मालकाला कंपनीसारख्या सोनेरी दुहेरी रेघा पाहिजे होत्या. काका म्हणाले तूच कर, मी बसतो. टाकी काढून पेट्रोल पूर्ण रिकामं केलं, झाकण उघडं ठेवून एक दिवस बाहेर सावलीत ठेवली, वर्कशॉपमध्ये ठिणग्या उडतात म्हणून हे अजिबात टाळायचं नाही. मग झाकण लावून साबणाच्या पाण्याने धुतली, वाळवली, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसली. तरी पहिली चाचणी रेघ ओढली तर रंग मागे सरला, बारीक बारीक गोल डोळे पडले. मालकाने रोज चमकीचं पॉलिश मारलं होतं, त्यातलं सिलिकॉन. परत साबण, परत फडकं, दरवेळी फडक्याची नवीन घडी, कारण तीच घडी फिरवली तर पॉलिश फक्त इकडून तिकडे जातं. तिसऱ्या धुण्यानंतर रंग बसला.

सोनेरी रंगाबद्दल काकांचा सल्ला सोन्यासारखाच निघाला. बाजारातली सोनेरी पावडर वार्निशमध्ये कालवली तर पहिल्या दिवशी झकास दिसते आणि वर्षभरात काळपट हिरवी पडते. त्याऐवजी गोल्डन यलोमध्ये थोडा ब्राऊन, थोडा पांढरा. काळ्यावर दोन हात लांबून तो सोनेरीच वाटतो. मालकाला आधी काचेवर ओढून दाखवला, त्याने गाडी रोडवर उभी असते तेवढ्या अंतरावरून पाहिलं आणि हो म्हणाला.

टाकी गव्हाच्या पोत्यावर बसवली, पोतं तिच्या आकाराने बसतं आणि टाकी हलत नाही. बारीक फाइनलाइन टेप वरच्या कडेला खूण म्हणून लावली, रेघ तिच्या बाजूने ओढली, टेपवर नाही. जाड रेघ आधी, बारीक नंतर. गुडघ्याच्या खोबणीजवळ रेघ एकदम खाली वळते तिथं मी दोन वेळा ओढून पुसली आणि तिसऱ्यांदा काकांनी काहीच म्हटलं नाही, म्हणजे बरोबर आली. ते बरोबर असलं की काही म्हणत नाहीत. जोड दिसू नये म्हणून दुसरी रेघ पहिलीच्या शेपटीवर हवेतूनच उतरवत आणायची, विमान उतरतं तशी, ब्रश थांबवून टेकवला की तिथं गाठ पडते. दोन्ही बाजूंना मिळून सकाळ गेली. चार दिवस सावलीत ठेवली आणि मालकाला सांगितलं की पेट्रोल भरताना सांडलं तर लगेच पुसायचं, घासायचं नाही, इनॅमलला पेट्रोल चालत नाही. वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक रंगाचा हात मारून पाहिजे असेल तर आधी भंगार टाकीवर करून पाहायचं, पीयू क्लिअरने खालचा इनॅमल सुरकुततो कधी कधी.

बुलेटचे 800 घेतले, काकांना अर्धे दिले, त्यांनी 300 च ठेवले. अख्ख्या ट्रॉलीचं लायनिंग आणि नाव मिळून आम्ही 1,500 घेतो, रेडियमवाल्यापेक्षा थोडं जास्तच आहे आणि तरी लोक करून घेतात. ब्रश, रंग, काच, भंगार टाक्या, नागपूरचं जाणं-येणं सगळं धरून वर्षाचा माझा खर्च सहा हजारांच्या आत गेला, त्यातला सगळ्यात मोठा तो बाहेरचा ब्रश. काम झालं की त्याला टर्पेंटाइनमध्ये तीनदा धुते, मग साध्या इंजिन ऑइलमध्ये भिजवून पत्रिकेवर ओढून धार देते आणि आडवा डब्यात ठेवते. ते ऑइल दुसऱ्या दिवशी काम सुरू करायच्या आधी पूर्ण धुवून काढायचं, नाहीतर ती रेघ कधीच वाळणार नाही.

सध्या एका शंकरपटवाल्याची (बैलांच्या शर्यतीवाल्याची) दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी आली आहे, चाकं, धुरा, जू सगळ्याला लायनिंग पाहिजे, जानेवारीतल्या पटाच्या आधी. लाकडाचं काम आहे म्हणून अस्तरापासून सुरुवात, 3,500 ठरले. मटेरियलचे पैसे आधी घेतलेत, आणि तुम्ही कोणी सुरू कराल तर तेवढे तरी आधी घ्याच. बाकीचे कापसाचा चुकारा झाला की देतो म्हणाला. सरकारी कापूस खरेदीच्या कपास किसान ॲपवर त्याची नोंदणी झाली आहे, स्लॉट यायचाय.